पाण्यातले कुरण आणि त्यात चरणारे

तलावाचे पाणी हिरवेगार, दाट झाले आणि काठाला उग्र वास येऊ लागला की त्याचे निदान सहसा एका वाक्यात उरकते: सांडपाणी आले, म्हणून शैवाल माजले. निदान खोटे नाही, पण ते अर्धे आहे. आणि अर्ध्या निदानावर आखलेले उपाय पैसा खातात, पाणी मात्र हिरवेच राहते. तलावात शैवाल किती वाढू शकेल याची कमाल मर्यादा त्यात येणारी पोषकद्रव्ये, त्यातही मुख्यतः फॉस्फरस, ठरवतात. त्या मर्यादेच्या आत प्रत्यक्ष किती शैवाल पाण्यात उरेल हे मात्र बऱ्याच अंशी दुसरेच कोणी ठरवते. पाण्यात तरंगत शैवाल गाळून खाणारे, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीचे प्राणिप्लवक ते ठरवतात. कुरणात गवत किती उगवेल हे जमीन आणि पाऊस ठरवतात. उभे किती राहील हे तिथे चरणाऱ्या गुरांवर असते. आपल्या तलावांच्या व्यवस्थापनात जमिनीचा विचार अपुरा होतो आणि चरणाऱ्यांचा तर होतच नाही. एवढेच असते तरी चालले असते. आपण त्यांना मारण्याची व्यवस्थाही सार्वजनिक खर्चाने करत आलो आहोत.

आधी फॉस्फरसची बाजू, कारण तिच्याविषयीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. १९६० च्या दशकात उत्तर अमेरिकेतली मोठी सरोवरे हिरवी पडू लागली तेव्हा दोष कोणाचा यावर मोठा वाद झाला. कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये फॉस्फेट भरपूर असे, आणि त्या उद्योगाच्या बाजूने असा युक्तिवाद होत होता की शैवालाच्या वाढीला खरी मर्यादा कार्बनची आहे, फॉस्फरस काढून काही साधणार नाही. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमध्ये या वादाचा निकाल लागेना. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १९६८ मध्ये काही लहान सरोवरे केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवण्यात आली. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या सरोवराच्या मधोमध, जिथे ते निमुळते होते तिथे, प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत साखरेच्या रूपात कार्बन आणि नायट्रेटच्या रूपात नायट्रोजन टाकला; एका भागात त्याशिवाय फॉस्फेटही टाकले. फॉस्फेटचा भाग हिरवा झाला, दुसरा निवळच राहिला. त्या सरोवराचे वरून काढलेले छायाचित्र पुढे पाठ्यपुस्तकांत गेले आणि फॉस्फेटवरच्या कायद्यांच्या चर्चेतही वापरले गेले. कार्बनचा मुद्दा तिथेच संपला, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून शैवालाची ती गरज भागवतो. फॉस्फरसला हवेतून असा पुरवठा नाही. तो खडकातून, मातीतून, खतातून, मैल्यातून आणि साबणातून येतो, म्हणजे अडवता येतो.

नायट्रोजनचे काय, ही शंका रास्त आहे. शैवालाला तोही लागतोच, आणि फॉस्फरसपेक्षा कितीतरी जास्त लागतो. पण नील-हरित शैवालातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतः बांधून घेतात. त्याच प्रयोगक्षेत्रातल्या २२७ क्रमांकाच्या सरोवरात १९६९ पासून पोषकद्रव्ये टाकली जात होती. पुढे नायट्रोजनचे प्रमाण घटवले आणि १९९० पासून तो टाकणे पूर्ण थांबवले. सरोवर हिरवेच राहिले. फक्त हवेतून नायट्रोजन घेणाऱ्या जातींची चलती झाली. याचा अर्थ नायट्रोजन कुठेच महत्त्वाचा नाही असा नव्हे. चीनमधल्या ताई सरोवरासारख्या उथळ आणि अतिपोषित पाण्यात उन्हाळ्यात नायट्रोजनच कमी पडतो असे प्रयोगांत दिसले आहे. २००७ मध्ये त्याच सरोवराच्या शैवालाने वूशी शहराचे पिण्याचे पाणी नासवले होते. तिथे दोन्ही अडवावे लागतील. पण फॉस्फरसला हात न लावता केवळ नायट्रोजन काढून तलाव सुधारेल, असे म्हणण्याजोगा आधार मला दिसत नाही.

मात्र फॉस्फरसची कथा इथेच संपवली तर एक गोष्ट समजेनाशी होते. अनेक सरोवरांतला फॉस्फरस आणि शैवाल यांचे आकडे आलेखावर मांडले तर दोन्ही सोबत वाढताना दिसतात हे खरे; पण फॉस्फरस सारखाच असलेल्या दोन सरोवरांतल्या शैवालात कित्येक पटींचा फरक पडू शकतो. हा फरक येतो कुठून? त्याचा माग १९६० च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियातल्या तळ्यांवर लागला. संशोधक ह्रबाचेक यांना तिथे दिसले की मासे दाट असलेल्या तळ्यांत मोठ्या आकाराचे प्राणिप्लवक नाहीसे होतात आणि पाणी हिरवे होते. १९६५ मध्ये ब्रुक्स आणि डॉडसन यांनी अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका सरोवराचे जुने आणि नवे नमुने ताडून पाहिले. मधल्या काळात तिथे प्लवक खाणारा एक लहान समुद्री मासा आला होता. त्याच्या आधी मोठे प्लवक होते, नंतर उरले ते बारीक. बारीक-मोठ्याचा हा फरक किरकोळ नाही. डॅफ्निया हा प्राणिप्लवक पायांच्या चाळणीने पाणी गाळतो, आणि त्याची लांबी दुप्पट झाली की गाळण्याची क्षमता चौपटीहून अधिक वाढते. शिवाय मोठा डॅफ्निया बारीक शैवालाबरोबर जाडेही खाऊ शकतो. मासा डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून तो आधी हेच मोठे, ठळक दिसणारे जीव टिपतो. तलावातले सर्वांत कर्तबगार चरणारे असे सर्वांत आधी जातात. पुढे १९८५ मध्ये कार्पेंटर आणि किचेल यांनी मिशिगनमधल्या छोट्या सरोवरांत मासे अदलाबदल करूनच पाहिले. लहान मासे काढून त्यांना खाणारा मोठा बास मासा आणला, तेव्हा प्राणिप्लवक मोठे झाले आणि शैवाल घटले. पोषकद्रव्यांच्या पुरवठ्याला कोणी हात लावला नव्हता.

या दोन बाजू एकाच पाण्यात कशा गुंतलेल्या असतात हे सर्वांत स्पष्ट दिसते ते सिअॅटल शहराला लागून असलेल्या वॉशिंग्टन सरोवरात. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराची उपनगरे वाढली आणि त्यांच्या शुद्धीकरण केंद्रांतले पाणी सरोवरात येऊ लागले. हे कच्चे मैलापाणी नव्हते, प्रक्रिया केलेले होते, हे आपण विशेष लक्षात ठेवायला हवे. १९५५ मध्ये तिथे ऑसिलेटोरिया नावाचे तंतुमय नील-हरित शैवाल दिसले. प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी युरोपातल्या सरोवरांच्या इतिहासावरून ओळखले की ही ऱ्हासाची सुरुवात आहे, आणि तसे जाहीरपणे सांगितले. १९५८ मध्ये नागरिकांनी मतदान करून सांडपाणी सरोवराबाहेर वळवण्यासाठी स्वतंत्र संस्था उभारली; १९६३ ते १९६८ या काळात सगळे सांडपाणी वळवले गेले. फॉस्फरस झपाट्याने उतरला, त्यामागे शैवाल उतरले, आणि पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी, जी आधी जेमतेम मीटरभर खोलीपर्यंत दिसे, ती सत्तरीच्या सुरुवातीला तीन मीटरांच्या पुढे दिसू लागली. पोषकद्रव्यांच्या सिद्धान्ताचा हा विजयच होता आणि गोष्ट इथे संपली असती तरी ती पुरेशी चांगली होती.

पण १९७६ मध्ये पाणी अचानक आणखी निवळले. तबकडी सहा-सात मीटर खोल दिसू लागली. फॉस्फरसमध्ये त्या प्रमाणात काही नवी घट झाली नव्हती. बदल झाला होता तो असा की सरोवरात डॅफ्निया मोठ्या संख्येने आला होता. इतकी वर्षे तो का नव्हता? एडमंडसन यांनी दोन कारणे दाखवली. पहिले, निओमायसिस हा कोळंबीसारखा छोटा प्राणी डॅफ्नियाची शिकार करत असे, आणि साठीच्या मध्यानंतर स्मेल्ट नावाच्या माशाने तो प्राणी कमी केला. दुसरे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे: ऑसिलेटोरियाचे लांब तंतू डॅफ्नियाच्या चाळणीत अडकतात, त्याला खाणे अशक्य करतात. म्हणून सांडपाणी वळवून ते तंतू नाहीसे होईपर्यंत, शत्रू कमी होऊनही, डॅफ्नियाला तिथे जम बसवता आला नाही. चरणारे येण्याआधी कुरण चरण्याजोगे व्हावे लागले. क्रम असा असतो: आधी पोषकद्रव्यांना आळा, मग चरणाऱ्यांना वाव. पण केवळ पहिलेच घडले असते, तर तीन आणि सात मीटरांमधला तो फरक कधी मिळालाच नसता.

त्या फरकाची किंमत किती असते याचा हिशेब विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा सरोवरात झाला आहे. तिथे १९८७ नंतर मोठ्या जातीचा डॅफ्निया टिकून होता आणि शेतीतून भरपूर फॉस्फरस येत असतानाही पाणी अपेक्षेपेक्षा निवळ राहत होते. २००९ मध्ये तिथे काटेरी शेपटीचा, परदेशातून आलेला एक शिकारी प्लवक आढळला. त्याने डॅफ्निया संपवत आणला आणि पाण्याची पारदर्शकता सुमारे मीटरभराने घटली. वॉल्श, कार्पेंटर आणि व्हँडर झँडन यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार ही हानी फक्त फॉस्फरस कमी करून भरून काढायची तर त्याची आवक ७१ टक्क्यांनी घटवावी लागेल आणि त्याला ८.६५ ते १६.३ कोटी डॉलर खर्च येईल. आजवर कोणाच्याही अंदाजपत्रकात न आलेले, मिलिमीटरभर लांबीचे जीव एका सरोवरासाठी फुकट करत असलेल्या कामाची ही रक्कम आहे.

यावर तीन गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की प्राणिप्लवक शैवाल खातात तसे विष्ठा आणि मूत्रातून पोषकद्रव्ये पाण्यात परतही टाकतात. मग निव्वळ फायदा तो काय? पण सगळे प्लवक सारखे नसतात. डॅफ्निया वेगाने वाढतो आणि त्या वाढीसाठी त्याच्या शरीरात फॉस्फरसचे प्रमाण इतर कित्येक प्लवकांपेक्षा जास्त लागते. म्हणून तो खाल्लेल्यातला फॉस्फरस धरून ठेवतो आणि नायट्रोजन तुलनेने जास्त सोडतो. त्याची संख्या मोठी असेल तेव्हा पाण्यातल्या फॉस्फरसचा चांगला हिस्सा शैवालाऐवजी प्राण्यांच्या शरीरात अडकलेला असतो. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. चरणाऱ्यांनी खाण्याजोगे शैवाल खाल्ले की न खाण्याजोग्याला रान मोकळे होते. चिकट आवरणातले काही हिरवे शैवाल डॅफ्नियाच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडते, आणि कॅरेन पोर्टर यांनी सत्तरीच्या दशकात दाखवले की त्या प्रवासात ते पोषकद्रव्येही मिळवते. मायक्रोसिस्टिस हे नील-हरित शैवाल तर गोळे करून वाढते, आहार म्हणून निकस असते आणि यकृताला घातक विष बनवते. म्हणूनच अतिपोषित तलावात नुसते मासे काढून काही होत नाही. डेन्मार्कमधल्या उथळ तलावांच्या अनुभवातून दिसते की लिटरमागे एकूण फॉस्फरस साधारण ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली आला तरच माशांच्या नियंत्रणाचा परिणाम टिकण्याची आशा धरावी. आणि तिथेही तो बऱ्याच ठिकाणी आठ-दहा वर्षांत ओसरला. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्यातून चरणाऱ्यांच्या कामाची मर्यादा कळते. त्यांचे मोल त्याने कमी होत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या भूगोलाचा आहे. वर दिलेले जवळजवळ सगळे पुरावे थंड प्रदेशातले आहेत. उष्ण प्रदेशातल्या पाण्यात मासे बहुतेक वर्षभर वितात, लहान आणि काहीही खाणारे मासे दाट असतात, त्यामुळे मोठा डॅफ्निया मुळातच दुर्मीळ असतो. तिथे बारीक प्लवकांचे राज्य असते, आणि ते शैवालाला तितकेसे आवरू शकत नाहीत. तेव्हा सिअॅटलचा धडा जसाच्या तसा महाराष्ट्राला लागू होत नाही हे खरे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? आपल्याकडे चरणाऱ्यांचा आधार आधीच तुटपुंजा आहे, म्हणून फॉस्फरस अडवण्याची निकड थंड देशांपेक्षा आपल्याला जास्त आहे. आणि जो तुटपुंजा आधार आहे तो घालवण्याची चैन आपल्याला अजिबात परवडणारी नाही. प्रत्यक्षात आपण तेच करतो.

डासांच्या मोहिमेचेच उदाहरण घ्या. पावसाळ्यात ठिकठिकाणी गप्पी आणि गंबुसिया मासे सोडले जातात. बंद हौदात, कारंज्यांच्या टाक्यांत, वापरात नसलेल्या विहिरीत त्याला अर्थ आहे. पण तलावात? डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या साठवणीच्या पाण्यात, कुंड्यांखालच्या बशांत, टायरांत वाढतो. तलावाच्या मोकळ्या पाण्याशी त्याचा संबंध नसतो. उलट हर्लबर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्येच कृत्रिम तळ्यांत दाखवून दिले होते की गंबुसिया सोडल्यावर प्राणिप्लवक जवळपास नाहीसे होतात आणि पाणी शैवालाने गढूळ होते. पन्नास वर्षांहून जुने हे ज्ञान आहे. दुसरे उदाहरण मोरचूदाचे. शैवाल मारायला मोरचूद टाकला की पाणी काही दिवस निवळते आणि काम झाल्याचे समाधान मिळते. पण शैवाल मारायला टाकतात त्याहून कमी मात्रेतही त्यातले तांबे डॅफ्नियाला मारते. म्हणून तर पाण्यातली विषे तपासायला जगभर याच जीवाचा वापर होतो. मेलेले शैवाल आपला फॉस्फरस पाण्यात परत सोडते, शैवाल पुन्हा उगवते, आणि या वेळी त्याला खाणारे कोणी उरलेले नसते. अशा उपचाराला मी उपचार म्हणू शकत नाही.

मत्स्यबीजाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्यात माणसांची पोटे गुंतलेली आहेत. तलाव आणि जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जाते. त्यांतला कटला हा प्रामुख्याने प्राणिप्लवक खाणारा मासा आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यात चिलापी माजली आहे. तिची पिल्ले प्लवक टिपतात आणि मोठी तळाचा गाळही उपसते. मग काय मासेमारी बंद करायची? नाही, आणि तसे कोणी सुचवले तर ते अन्यायाचे होईल. चिलापी भरपूर पकडली गेली तर पाण्याचे भलेच होईल, आणि मरळसारखे लहान माशांना खाणारे स्थानिक मासे जपले तर मच्छीमाराला बाजारात चांगला भावही मिळेल. उलट बाजूने वूहानच्या दोंग सरोवराचा दाखला दिला जातो: तिथे १९८५ नंतर मायक्रोसिस्टिसचा थर येणे थांबले, त्याचे श्रेय पाणी गाळून शैवालच खाणाऱ्या सिल्व्हर कार्पसारख्या माशांना दिले गेले. हा दाखला मी नाकारत नाही. अतिपोषित, आधीच प्लवकहीन झालेल्या पाण्यात विषारी थर मोडण्यासाठी तो मार्ग उपयोगी ठरू शकतो. पण ते मासे प्राणिप्लवकही खातात आणि त्यांच्या चाळणीतून निसटणारे बारीक शैवाल मागे वाढते. म्हणजे पाणी निवळ होईलच याची हमी नाही. जिथे अजून डॅफ्नियाची थोडीफार वस्ती आहे अशा, पिण्याच्या पाण्याच्या लहान तलावात तेच मासे सोडणे म्हणजे असलेले घालवणे. सगळ्या जलाशयांना एकच मत्स्यबीज आणि एकच लक्ष्यांक लावण्याची पद्धत म्हणूनच मोडली पाहिजे.

आता पुन्हा फॉस्फरसकडे येऊ, कारण क्रमात तो पहिला आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. त्याच उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. या प्रश्नावर मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे बांधणे हे उत्तर सांगितले जाते. ती हवीतच. पण नेहमीच्या पद्धतीचे केंद्र सेंद्रिय घाण काढते, पाण्याला प्राणवायूची ओढ कमी करते आणि फॉस्फरसचा मोठा भाग तसाच पुढे सोडते. वॉशिंग्टन सरोवर अशाच प्रक्रिया केलेल्या पाण्याने हिरवे झाले होते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी फॉस्फरसची मर्यादाच नव्हती. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला अधिक कडक निकषांचा आदेश द्यावा लागला. आकडे शेजारी ठेवले की या उणिवेचे गांभीर्य कळते. सरोवरशास्त्रात लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असलेले पाणी सुपोषित मानले जाऊ लागते; शहरी सांडपाण्यात तो लिटरमागे कित्येक मिलिग्रॅम असतो. प्रक्रियेनंतर एक मिलिग्रॅम उरला तरी तो त्या मर्यादेच्या तीसपटींहून जास्त आहे. नदीत आणि जलाशयात तो विरळ होतो हे खरे, पण उन्हाळ्यात भीमेत विरळ करायला दुसरे पाणी असते किती?

आणि आलेला फॉस्फरस लगेच जातही नाही. तो तळाच्या गाळात साठतो आणि तळाजवळचा प्राणवायू संपला की पुन्हा वर येतो. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या शागावा सरोवरात १९७३ मध्ये सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला सुरुवात झाली, तरी गाळातून येणाऱ्या साठ्याने सुधारणा लांबणीवर टाकली. स्वीडनमधल्या ट्रुमेन सरोवरात १९७० च्या सुमारास वरचा गाळ उपसल्यावरच पाणी सुधारले. म्हणून आज फॉस्फरस अडवला तरी आपले तलाव उद्या निवळणार नाहीत, आणि त्या मधल्या वर्षांतच चरणाऱ्यांची गरज सर्वांत जास्त असणार आहे. त्यांच्यासाठी करायचे आहे ते फार थोडे आणि जवळजवळ बिनखर्चाचे: तलावात गप्पी-गंबुसिया सोडू नयेत, मोरचूद टाकू नये, मत्स्यबीज ठरवण्याआधी पाण्यात कोणते प्लवक आहेत ते पाहावे, आणि काठाची पाणवनस्पती सरसकट खरवडून काढू नये, कारण दिवसा माशांपासून लपायला प्लवकांना तीच जागा असते. तलावाच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या नगरपालिकेने आपल्या तक्त्यात तीन रकाने वाढवावेत: एकूण फॉस्फरस, पांढरी तबकडी किती खोल दिसते, आणि बारीक जाळीतून ओढलेल्या नमुन्यात मोठ्या प्लवकांची संख्या. पहिल्यासाठी प्रयोगशाळा लागते. उरलेल्या दोन नोंदी महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातले विद्यार्थी दर पंधरवड्याला घेऊ शकतील.